किमान पायऱ्यांचे गणित: मद्यार्कापासून पेट्रोलपर्यंत

दोन द्रवांचे मिश्रण उकळू लागले की त्यातून निघणाऱ्या वाफेत लवकर उडून जाणाऱ्या घटकाचे प्रमाण मूळ द्रवातल्यापेक्षा अधिक असते, आणि ती वाफ थंड करून तिचा द्रव पुन्हा उकळला तर हे प्रमाण आणखी वाढते. ऊर्ध्वपातनाचा सगळा व्यवहार या एका निरीक्षणावर उभा आहे. वाफ आणि द्रव एकमेकांच्या पूर्ण सहवासात राहून समतोलाला पोचतात आणि मग वेगळे होतात, अशा एका घटनेला रासायनिक अभियांत्रिकीत 'पायरी' किंवा 'सैद्धांतिक प्लेट' म्हणतात. उंच स्तंभात एकावर एक बसवलेल्या तबकड्यांवर ही घटना पुन्हा पुन्हा घडवून आणली जाते: वाफ खालून वर चढते, माथ्याशी थंड होऊन झालेल्या द्रवाचा काही भाग माल म्हणून बाहेर काढला जातो, आणि उरलेला भाग तबकडीवरून तबकडीवर ओघळत चढत्या वाफेला भेटत खाली येतो. या परत सोडलेल्या द्रवाला 'रिफ्लक्स' असे नाव आहे. ठरावीक शुद्धता गाठण्यासाठी कमीत कमी किती पायऱ्या लागतील, या प्रश्नाचे नेमके आणि आटोपशीर उत्तर १९३२ मध्ये मिळाले. तबकड्यांचा स्तंभ मात्र १८१३ पासून चालू होता. मधल्या ११९ वर्षांपैकी बहुतेक काळ कारागिरांनी, अबकारी अधिकाऱ्यांनी आणि साखर कारखानदारांनी पायऱ्या मोजल्यावाचून बांधल्या. या विलंबाचा दोष सहसा गणिताच्या अभावाला दिला जातो, परंतु खरे कारण मालात होते: ज्या धंद्याने स्तंभ जन्माला घातला त्या मद्यार्काच्या धंद्यातला द्रवच असा होता की त्याला ते साधे सूत्र लागू पडले नसते.

स्तंभापूर्वीचे ऊर्ध्वपातन एका पायरीचे होते. आजच्या पाकिस्तानातील तक्षशिला आणि चारसद्द्याजवळील शेखान ढेरी येथे सापडलेल्या मातीच्या पात्रांवरून पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये भारतीय उपखंड हेच ऊर्ध्वपातनाचे प्राचीन माहेर असावे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. रसशास्त्राच्या ग्रंथांत पातनाची तीन यंत्रे येतात, ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक्. त्यांपैकी वाफ आडव्या नळीने दुसऱ्या पात्रात नेणारे तिर्यक्पातन हेच आजच्या अर्थाच्या ऊर्ध्वपातनाला अधिक जवळचे होते, तर ऊर्ध्वपातनात पारा वरच्या भांड्याच्या तळाशी जाऊन जमत असे. मराठी परिभाषेने यांपैकी पहिला शब्द उचलला तो काटेकोर नव्हता, परंतु वाफ उभ्या मार्गाने चढवणारा स्तंभ आल्यावर तो आपोआप सार्थ ठरला.

एका पायरीने भागत नसेल तर गाळलेला द्रव पुन्हा भांड्यात घालून गाळायचा, हा जुन्या जगातला सार्वत्रिक उपाय होता, आणि गोव्यातील काजूच्या फेणीत तो आजही जिवंत आहे. पोर्तुगीजांनी आणलेल्या काजूच्या बोंडांचा रस आंबवून तो 'भाण' नावाच्या भांड्यात उकळतात, वाफ नळीवाटे 'लावणी' नावाच्या भांड्यात नेऊन बाहेरून पाण्याने थंड करतात, आणि पहिल्या खेपेला मिळणाऱ्या सौम्य मद्याला हुर्राक म्हणतात. हुर्राक पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी मिळते. २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद झालेल्या काजू फेणीत मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने ४२.८ टक्के धरले जाते. अभियंत्याच्या भाषेत सांगायचे तर हुर्राक आणि फेणी ही दोन पेयांची नावे आहेत तशीच ती दोन पायऱ्यांचीही नावे आहेत, आणि पायऱ्यांना स्वतंत्र नावे देण्याइतकी त्यांची गणती भट्टीवाल्यांना मुखोद्गत होती. दोन पायऱ्यांत इतके साधते याचे कारण पातळ मद्यार्कापुरते तरी निसर्ग उदार आहे; त्याची ही उदारता पुढे कशी आटते हे यथावकाश दिसेल.

पुन्हा पुन्हा गाळण्यात इंधन फार जळते, कारण प्रत्येक खेपेला वाफेची उष्णता थंड पाण्याबरोबर वाहून जाते आणि पुढच्या खेपेसाठी नव्याने लाकूड जाळावे लागते. ही उधळपट्टी थांबवण्याची युक्ती फ्रान्सच्या दक्षिणेत, माँपेलिए येथे निघाली. एदुआर आदाम यांनी १८०१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात एका भांड्यातली वाफ थंड न करता थेट दुसऱ्या अंडाकृती पात्रातल्या वाइनमध्ये सोडली जाई, तिथे ती निवताना आपल्या उष्णतेने तीच वाइन उकळी, आणि तिथून निघालेली अधिक तेज वाफ तिसऱ्या पात्रात जाई. प्रयोगशाळेत वायू धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वूल्फच्या बाटल्यांची ही मोठी आवृत्ती होती, आणि एकाच विस्तवावर अनेक पायऱ्या चढण्याचा विचार तिच्यात प्रथम धंद्याच्या प्रमाणावर उतरला. यंत्राची नक्कल इतक्या झपाट्याने झाली की आदाम यांचे उत्पन्न स्पर्धकांशी लढवलेल्या खटल्यांत गेले आणि १८०७ मध्ये ते विपन्नावस्थेत वारले.

आदाम यांची पात्रे जमिनीवर रांगेने मांडलेली होती. ती उचलून एकमेकांवर ठेवण्याचे काम झाँ-बातिस्त सेलिए-ब्लुमेंताल यांनी केले. १८१३ च्या त्यांच्या पेटंटात उभा स्तंभ आहे, त्यात तबकड्या आहेत, आणि मुख्य म्हणजे काम अखंड चालते: वाइन सतत आत येते, माथ्यावरून तेज मद्यार्क सतत बाहेर पडतो आणि तळातून निःसत्त्व झालेले पाणी सतत वाहून जाते. नेपोलियनकालीन नाकेबंदीमुळे फ्रान्समध्ये बीटच्या साखरेचा उद्योग नुकताच उभा राहत होता, त्यामुळे द्राक्षांखेरीज इतर कच्च्या मालापासून, आणि मोठ्या प्रमाणावर, मद्यार्क काढणाऱ्या यंत्राला बाजारपेठ होती. पुढे शार्ल देरोन यांनी या यंत्रात सुधारणा करून ते प्रचारात आणले. आजच्या कोणत्याही तेलशुद्धीकरण कारखान्यातला स्तंभ कापून पाहिला तर त्याची मूळ कल्पना सेलिए-ब्लुमेंताल यांच्या स्तंभाची आहे असेच दिसेल.

ब्रिटनमध्ये हीच कल्पना निराळ्या वाटेने पोचली. ईनियस कॉफी हे आयर्लंडमध्ये अबकारी खात्याचे अधिकारी होते, इन्स्पेक्टर जनरलच्या पदापर्यंत चढले होते, आणि बेकायदा भट्ट्यांचा माग काढताना १८१० मध्ये डोनेगल परगण्यात त्यांच्यावर जीवघेणा हल्लाही झाला होता. नोकरी सोडल्यावर १८३० मध्ये त्यांनी दोन जुळ्या स्तंभांच्या यंत्राचे पेटंट घेतले. पहिला 'अ‍ॅनालायझर', ज्यात आंबवलेले द्रावण वरून ओतले जाई व खालून सोडलेली वाफ त्यातला मद्यार्क उपटून नेई. दुसरा 'रेक्टिफायर', ज्यात ती वाफ छिद्रे पाडलेल्या तांब्याच्या पत्र्यांमधून चढत तेज होत जाई. आत येणाऱ्या थंड द्रावणाची नळी नागमोडी वळणे घेत रेक्टिफायरमधून नेलेली असल्यामुळे वाफेची उष्णता वाया न जाता नव्या मालाला तापवी. आयरिश दारू गाळणाऱ्यांना हे यंत्र पसंत पडले नाही, कारण त्यातून निघणारा मद्यार्क इतका स्वच्छ होता की त्यात व्हिस्कीची चवच उरत नव्हती; स्कॉटिश व्यापाऱ्यांनी मात्र तो घेऊन जुन्या भांड्यातल्या व्हिस्कीत मिसळला आणि मिश्र व्हिस्कीचा मोठा धंदा उभा केला.

या सर्व काळात तबकड्या किती असाव्यात हे कसे ठरवले जात होते, तर आधीच्या यंत्रात किती होत्या हे पाहून. मालाची प्रत तबकड्यांवरून ठरत नव्हती, ती तरंगकाट्यावरून ठरत होती. ब्रिटनमध्ये १८१६ च्या कायद्याने साइक्सचा तरंगकाटा अबकारीसाठी प्रमाण मानला गेला, फ्रान्समध्ये १८२४ मध्ये गे-ल्युसाक यांनी मद्यार्कमापक सिद्ध केला, आणि कर मोजणाऱ्या सरकारला तसेच पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्याला एवढे पुरे होते. तेज कमी भरले तर वर आणखी दोन तबकड्या चढवाव्यात किंवा रिफ्लक्स वाढवावा. दोन्ही उपाय तांब्याच्या आणि कोळशाच्या भावात मोजता येत. शिवाय ज्या धंद्यात गिऱ्हाइकाला चव हवी असते तिथे संपूर्ण पृथक्करण हे उद्दिष्टच नसते, त्यामुळे ते किती पायऱ्यांत होईल हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तो प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे विचारला एर्नेस्ट सोरेल यांनी. मद्यार्काच्या शुद्धीकरणावरील त्यांच्या १८९३ च्या ग्रंथात प्रत्येक तबकडीवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या वस्तुमानाचा व उष्णतेचा हिशोब मांडलेला आहे, आणि समतोलाच्या कोष्टकाच्या आधारे एका तबकडीवरून दुसरीवर जात जात पूर्ण स्तंभ उलगडलेला आहे. जर्मनीत ओयगेन हाउसब्रांड यांनी त्याच सुमारास याच दिशेने काम केले. सोरेल यांची रीत बरोबर होती, आजही संगणक मुळात तेच करतो. परंतु ती इतकी कष्टाची होती की उपयोगात आणणारा सापडणे कठीण होते, आणि तिच्यातून एखादे सुटसुटीत सूत्र निघण्याची शक्यता नव्हती.

ती का नव्हती, हे कळण्यासाठी एक संज्ञा समजून घ्यावी लागते. वाफेतले दोन घटकांचे गुणोत्तर भागिले द्रवातले त्यांचे गुणोत्तर, या संख्येला सापेक्ष बाष्पनशीलता म्हणतात आणि ती ग्रीक अल्फा या अक्षराने दाखवतात. अल्फा १ असेल तर वाफ आणि द्रव अगदी सारखे, म्हणजे उकळून काहीच साध्य होत नाही; अल्फा जितका मोठा तितकी एका पायरीची चढण मोठी. फ्रांस्वा-मारी राऊल यांनी १८८७ च्या सुमारास मांडलेल्या नियमाप्रमाणे वागणाऱ्या मिश्रणांत अल्फा जवळजवळ स्थिर राहतो. मद्यार्क आणि पाणी मात्र या नियमाला मुळीच जुमानत नाहीत. मद्यार्क अगदी थोडा असताना अल्फा १० च्या घरात असतो, आणि म्हणूनच गोव्याच्या भट्टीत दोन खेपांत फेणी होते. दोघांचे रेणू निम्मे-निम्मे असताना तो २ हून खाली आलेला असतो. आणि वजनाने सुमारे ९५.६ टक्के मद्यार्क झाला की तो बरोबर १ होतो. त्या बिंदूला स्थिरक्वथनांकी मिश्रण म्हणतात, कारण तिथे वाफेचे आणि द्रवाचे संघटन एकच असल्याने मिश्रण एखाद्या शुद्ध पदार्थासारखे एकाच तापमानाला उकळत राहते. पायरीची उंची प्रत्येक पायरीला बदलत असेल तर पायऱ्यांची संख्या एका भागाकारातून काढता येत नाही. ती एकेक चढूनच मोजावी लागते. सोरेल नेमके तेच करत होते.

चढून मोजण्याचे हे काम अमेरिकेत कागदावरच्या चित्राने सोपे केले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डब्ल्यू. के. लुइस यांनी १९२२ मध्ये हिशोब सुलभ केला, आणि तिथल्याच वॉरन मॅकेब आणि अर्नेस्ट थील या दोन तरुणांनी १९२५ मध्ये एका चौकोनी आलेखावर तो सगळा उतरवला. आडव्या अक्षावर द्रवातले प्रमाण, उभ्या अक्षावर वाफेतले, दोहोंचा समतोल दाखवणारी एक कमान, आणि तिच्याखाली स्तंभातील प्रवाहांचा हिशोब दाखवणारी सरळ रेषा. या दोहोंमध्ये काटकोनी पायऱ्या काढत जायचे आणि त्या मोजायच्या. फ्रान्समध्ये पोन्शाँ आणि साव्हारी यांनी १९२१-२२ मध्ये उष्णतेचाही विचार करणारी अधिक अचूक आकृती दिली होती, परंतु पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याने निवडली ती मॅकेब-थील आकृती. तिच्यातून एक गोष्ट डोळ्यांना सरळ दिसली. माथ्यावर जमलेला सगळा द्रव परत सोडला, म्हणजे थेंबभरही माल बाहेर काढला नाही, तर ती सरळ रेषा आलेखाच्या ४५ अंशांच्या कर्णावर जाऊन बसते, कमान आणि रेषा यांतले अंतर सर्वांत जास्त होते आणि पायऱ्यांची संख्या सर्वांत कमी होते. या अवस्थेला पूर्ण रिफ्लक्स म्हणतात. किमान पायऱ्या म्हणजे पूर्ण रिफ्लक्सच्या पायऱ्या. ज्या स्तंभातून काहीही बाहेर निघत नाही त्या स्तंभाच्या पायऱ्या. ही व्याख्या ऐकणाऱ्याला थट्टा वाटू शकते, आणि ती थट्टा नाही हे दाखवण्याचे काम पेट्रोलवाल्यांनी केले.

पेन्सिल्व्हानियात १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांची विहीर लागल्यापासून खनिज तेल ऊर्ध्वपातनानेच वेगळे केले जात होते, पण सुरुवातीची पन्नास वर्षे त्याला नाजूक पृथक्करणाची गरज नव्हती: दिव्याचे रॉकेल हवे होते, पेट्रोल हा नकोसा आणि धोकादायक हलका भाग होता. मोटारीने हा क्रम उलटा केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत पेट्रोलमध्ये नेमके कोणते हायड्रोकार्बन आहेत, कोणता इंजिनात ठोके देतो आणि कोणता देत नाही, हे जाणून घेणे पैशाचा प्रश्न झाला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९२७ मध्ये सुरू केलेल्या सहाव्या क्रमांकाच्या संशोधन प्रकल्पात ओक्लाहोमातील पोन्का सिटीच्या एका कच्च्या तेलातून एकेक संयुग सुटे करण्याचे काम अनेक वर्षे चालले. अंशभराच्या फरकाने उकळणारी संयुगे वेगळी करायची तर शंभर-शंभर पायऱ्यांचे स्तंभ हवेत, आणि असा स्तंभ खरोखर शंभर पायऱ्यांचा आहे की नुसताच उंच आहे हे तपासण्याचे साधन हवे.

पेन्सिल्व्हानिया स्टेट कॉलेजातील मेरिल फेन्स्के यांच्यापुढचा प्रश्न हाच होता. त्यांच्या प्रयोगशाळेत तबकड्यांऐवजी बारीक तारेच्या वेटोळ्यांनी भरलेले अरुंद स्तंभ वापरले जात, आणि ती वेटोळी पुढे 'फेन्स्के हेलिक्स' या नावानेच विकली जाऊ लागली. अशा स्तंभात मोजायला तबकडी नसतेच, त्यामुळे सैद्धांतिक पायऱ्या हेच एकमेव माप उरते. १९२२ मध्ये डब्ल्यू. ए. पीटर्स यांनी एका सैद्धांतिक पायरीच्या बरोबरीच्या भरावाच्या उंचीची कल्पना याच गरजेतून मांडली होती. थेट कच्च्या तेलातून, रेणू न फोडता, मिळालेल्या पेन्सिल्व्हानियाच्या पेट्रोलच्या पृथक्करणावरील फेन्स्के यांचा निबंध १९३२ मध्ये 'इंडस्ट्रियल अँड इंजिनिअरिंग केमिस्ट्री' या नियतकालिकात आला आणि त्यात किमान पायऱ्यांचे सूत्र होते. त्याच वर्षी लंडनमध्ये ए. जे. व्ही. अंडरवुड यांनी ऊर्ध्वपातन यंत्रांच्या चाचणीविषयीच्या निबंधात तेच सूत्र स्वतंत्रपणे दिले. दोन्ही निबंधांचा रोख नवा स्तंभ बांधण्याकडे नसून आहे तो तपासण्याकडे होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे; पाठ्यपुस्तकांनी सूत्राला संकल्पनाच्या प्रकरणात नेऊन बसवल्यामुळे त्याची ही जन्मखूण सहसा नजरेआड राहते.

सूत्राचा युक्तिवाद चक्रवाढ व्याजाचा आहे. तळाच्या द्रवात हलक्या आणि जड घटकांचे जे गुणोत्तर असेल त्याच्या अल्फापट गुणोत्तर त्याच्यातून निघालेल्या वाफेत असते. पूर्ण रिफ्लक्समध्ये जेवढी वाफ चढते तेवढाच द्रव उतरतो, म्हणून कोणत्याही दोन तबकड्यांच्या मधल्या जागेत चढती वाफ आणि उतरता द्रव यांचे संघटन एकच असते. म्हणजे पहिल्या पायरीची वाफ हीच जणू दुसऱ्या पायरीचा द्रव होते, आणि तिथे गुणोत्तर पुन्हा अल्फापट होते. मुद्दलावर व्याज, व्याजावर व्याज. मग किमान पायऱ्या म्हणजे अल्फाचा कितवा घात घेतला असता तळाचे गुणोत्तर माथ्याच्या गुणोत्तराएवढे होईल ती संख्या. दोन्ही टोकांच्या गुणोत्तरांच्या भागाकाराचा लॉगॅरिथम घेऊन त्याला अल्फाच्या लॉगॅरिथमने भागले की ती मिळते. तळाशी उकळणारे भांडे, म्हणजे रीबॉयलर, हीही यात एक पायरी धरली जाते.

बेंझीन आणि टोल्युइन यांचा अल्फा सुमारे २.५ आहे. माथ्याला ९५ टक्के बेंझीन आणि तळाला ९५ टक्के टोल्युइन हवे असेल तर दोन्ही टोकांची गुणोत्तरे १९ आणि एक-एकोणिसांश, त्यांचा भागाकार ३६१, आणि उत्तर येते सुमारे ६.४ पायऱ्या. शुद्धता दोन्ही टोकांना ९९ टक्के केली तर १०, आणि ९९.९ टक्के केली तर १५. शुद्धतेत नवाचा एकेक आकडा वाढवण्याची किंमत पाच पायऱ्या, आणि ती पुढेही तेवढीच राहते. याउलट सामान्य हेप्टेन आणि मेथिलसायक्लोहेक्झेन यांच्या उत्कलनबिंदूंत अवघा अडीच अंशांचा फरक असून त्यांचा अल्फा १.०७ च्या आसपास आहे. त्याच ९५ टक्क्यांसाठी तिथे ८७ पायऱ्या लागतात. प्रयोगशाळांनी चाचणीसाठी हेच जोड-मिश्रण पुढे वर्षानुवर्षे वापरले, कारण त्याचा अल्फा संघटनाबरोबर फारसा हलत नाही आणि स्तंभाच्या दोन टोकांचे नमुने तपासून सूत्रात घातले की स्तंभाची खरी ताकद कळते. पेट्रोलमधील हायड्रोकार्बन एकमेकांचे सख्खे-चुलत असतात, त्यांचे रेणू परस्परांशी मद्यार्क-पाण्यासारखे भांडत नाहीत, आणि अल्फा स्थिर धरण्याची मुभा त्यांनीच दिली. ती मुभा नसती तर घात नाही, आणि घात नाही तर लॉगॅरिथमही नाही.

पूर्ण रिफ्लक्स ही कागदी कल्पना नव्हती, हे यावरून उघड व्हावे. स्तंभ सुरू करताना तो काही काळ माल न काढता स्थिरावू देतात, आणि चाचणी तर त्या अवस्थेतच घेतात. १९५२ मध्ये अमेरिकेत तेल व रसायन कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या फ्रॅक्शनेशन रिसर्च या संस्थेनेही तबकड्या आणि भराव यांची तुलना करण्यासाठी बहुतांशी पूर्ण रिफ्लक्सचाच अवलंब केला आहे.

सूत्राने एखाद्या योजनेची व्याप्ती आधीच कशी दाखवून दिली असती, याचे ठळक उदाहरण जड पाण्याचे आहे. ड्युटेरियमचा शोध १९३१ मध्ये हॅरल्ड युरी यांना लागला तो ऊर्ध्वपातनाच्याच आधारे: काही लिटर द्रव हायड्रोजन हळूहळू उडवून देऊन मागे उरलेल्या अल्पशा भागात जड हायड्रोजन साठवला गेला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेस्ट व्हर्जिनिया, इंडियाना आणि अलाबामा येथील दारूगोळा कारखान्यांच्या आवारात साध्या पाण्याचे ऊर्ध्वपातन करून जड पाणी काढण्याचे स्तंभ उभारले. हवेच्या दाबाखाली या जोडीचा अल्फा सुमारे १.०२६ आहे. निसर्गातील सुमारे ०.०१५ टक्के ड्युटेरियमपासून ९९.८ टक्क्यांपर्यंत जायचे म्हटले तर फेन्स्के यांच्या सूत्राने ढोबळ मानाने ५८५ पायऱ्या येतात, आणि त्याही माल न काढता. दाब कमी केला तर अल्फा वाढतो, म्हणून हे स्तंभ निर्वातात चालवले गेले आणि शेवटची शुद्धता विद्युत्‌विच्छेदनाने साधली. तरीही खरा खर्च पायऱ्यांचा नव्हता, वाफेचा होता. एवढ्या विरळ घटकासाठी पाण्याचा महापूर उकळत ठेवावा लागतो, आणि किमान पायऱ्यांचे सूत्र याविषयी मौन पाळते.

हे मौन तोडण्यासाठी दुसऱ्या टोकाची संख्या लागते: पायऱ्या अनंत असत्या तर किमान किती रिफ्लक्स पुरला असता. बहुघटकी मिश्रणासाठी तिचे उत्तर अंडरवुड यांनीच १९४० च्या दशकात दिले. मध्यंतरी, १९४० मध्ये, एडविन गिलिलँड यांनी अनेक स्तंभांचे तपशीलवार हिशोब एकत्र मांडून दाखवले होते की किमान पायऱ्या आणि किमान रिफ्लक्स एवढे ठाऊक असले तर प्रत्यक्ष रिफ्लक्सला किती पायऱ्या लागतील हे एका वक्राने सांगता येते. किमान रिफ्लक्सच्या सव्वापट-दीडपट द्रव परत सोडणाऱ्या स्तंभाला किमान पायऱ्यांच्या साधारण दुप्पट पायऱ्या लागतात, हा अभियंत्यांचा तोंडी नियम त्यातूनच रूढ झाला. गिलिलँड यांचा वक्र आलेखावर वाचावा लागे. १९७५ मध्ये एच. ई. एडुलजी यांनी त्याच्या जागी एक छोटे समीकरण दिले आणि तो गणकयंत्राच्या हवाली झाला. अल्फा फार बदलत असेल अशा मिश्रणांसाठी एफ. डब्ल्यू. विन यांनी १९५८ मध्ये मूळ सूत्राची सुधारित आवृत्ती काढली. सैद्धांतिक पायऱ्यांवरून खऱ्या तबकड्यांकडे जाताना कार्यक्षमतेने भागावे लागते, त्यासाठी ई. व्ही. मर्फ्री यांची १९२५ ची व्याख्या वापरात राहिली.

'सैद्धांतिक प्लेट' हा शब्द मात्र स्तंभातून निसटून भलत्याच प्रांतात गेला. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये विभाजन-वर्णलेखन, म्हणजे क्रोमॅटोग्राफीची नवी पद्धत मांडताना तिच्या सिद्धांतासाठी ऊर्ध्वपातनातील ही कल्पना जशीच्या तशी उचलली, आणि १९५२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे आज औषधांची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, जिथे काहीही उकळत नाही आणि एकही तबकडी नसते, तिथेही नळीची प्रत 'प्लेट'च्या संख्येत सांगितली जाते.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये, म्हणजे फेन्स्के आणि अंडरवुड यांच्या निबंधांनंतर वर्षभराने, स्थापन झाला, आणि तुर्भे येथील दोन तेलशुद्धीकरण कारखाने १९५४ आणि १९५५ मध्ये सुरू झाले. तिथल्या स्तंभांना पेन्सिल्व्हानियाचे गणित जन्मतःच लागू होते. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र स्तंभ आला तो दुसऱ्या, जुन्या घराण्यातून. १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यानंतर राज्यभर कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या डिस्टिलऱ्यांत आजही ऑपरेटरच्या तोंडी 'अ‍ॅनालायझर कॉलम' आणि 'रेक्टिफायर कॉलम' हेच शब्द असतात. आयर्लंडच्या माजी अबकारी अधिकाऱ्याने, कॉफी यांनी, १८३० मध्ये वापरलेले. या स्तंभांच्या वरच्या टोकाला, रेक्टिफाइड स्पिरिटच्या आसपास, अल्फा १ कडे झुकू लागतो, त्याचा लॉगॅरिथम शून्याकडे जातो, आणि शून्याने भागायला निघालेले सूत्र अनंत पायऱ्या मागते. पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल (म्हणजे हाच मद्यार्क) तर त्याच्याही पलीकडचे, जवळजवळ निर्जल असावे लागते. सिडनी यंग यांनी १९०२ मध्ये मिश्रणात बेंझीन घालून, म्हणजे तिसरा घटक आणून अल्फा हलवून, या अडथळ्याला वळसा घातला होता. आता डिस्टिलऱ्यांत बेंझीन नाही; स्तंभ जिथे थांबतो तिथून पुढचे पाणी झिओलाइटचे मणी भरलेल्या टाक्यांत शोषले जाते, आणि त्या टाक्यांत मोजायला पायऱ्या नसतात.